जुन्या स्टेशनपाशी उतरा

प्रेंगकाका कधी तिरानाला गेले नव्हते. मिर्दितातल्या आमच्या डोंगरावरून राजधानी तशी फार लांब नाही. पहाटे झेफच्या वडापच्या व्हॅनमध्ये बसलं की दुपारच्या आत पोचता येतं. पण काका तरुण होते तेव्हा गाव सोडायला परवानगी लागायची, आणि परवानगी लागेनाशी झाली तेव्हा जायला काही कारण उरलं नव्हतं. तांब्याची खाण बंद पडली, पोरं इटलीला आणि तिथून आणखी पुढे गेली, आणि काका घरासमोरच्या दगडी बाकावर बसून राहिले. खाणीची धूळ छातीत बसलेली. थोडं चाललं की दम लागायचा. मग ते थांबायचे, आणि थांबलेलं कुणाला कळू नये म्हणून समोरच्या डोंगरावर काहीतरी बघत असल्यासारखं करायचे. आम्हाला ते ठाऊक होतं. आम्हीही त्यांच्याबरोबर थांबून डोंगर बघायचो.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. आसपासच्या कुठल्याही घरात माणूस गेलं की काका सांत्वनाला हजर. काळा कोट, डोक्यावर पांढरी लोकरीची टोपी, हातात कॉफीचं पाकीट. आमच्याकडे अशा घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. दारात घरचे पुरुष ओळीनं उभे असतात. त्यांच्याशी हात मिळवायचा, "मागे आहात ते सुखरूप राहा" म्हणायचं, बसायचं, बिनसाखरेची कॉफी प्यायची, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे आणि उठायचं. कप भरलेला टाकून उठायचं नाही. तो गेलेल्याच्या नावाचा कप असतो. आणि जो आपल्या दारी आला त्याच्या दारी आपणही जायचं, यात माफी नाही. लग्नाला गेलं नाही तर लोक रुसतात आणि विसरतात. सांत्वनाला गेलं नाही तर विसरत नाहीत.

कोल आणि काका खाणीत एकाच ड्रिलवर होते. एकानं मशीन खांद्यावर घ्यायचं, दुसऱ्यानं मागून रेटायचं. खाण बंद झाल्यावर कोल बायकोपोरांना घेऊन तिरानाला राहायला गेला. फोनवर कधीतरी बोलणं व्हायचं, तेही निम्मं खोकण्यात जायचं. पण काकांच्या पत्नी द्रांदाकाकू वारल्या त्या हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद होता, शेजारच्या वाडीची माणसंसुद्धा येऊ शकली नव्हती, आणि सांत्वनाच्या शेवटच्या संध्याकाळी दार वाजलं. बाहेर कोल उभा. मोठ्या रस्त्यापासून डोंगर चढून चालत आलेला. पँट गुडघ्यापर्यंत गोठून पत्र्यासारखी झाली होती. त्यानं हात मिळवला, म्हणायचं ते म्हणाला, कॉफी प्यायला, आणि मग चुलीपाशी बसून दात वाजवत राहिला.

तो कोल गेला तेव्हा काका रेशेनच्या हॉस्पिटलात नाकात नळी घालून पडले होते. अंत्यविधी हुकला. घरी आले तो शनिवार. कोलचा मुलगा ज्योवालिन फोनवर म्हणाला की शहरात सांत्वन घरी होत नाही, घराजवळच्या कॅफेत होतं, रोज दुपारी एकपर्यंत, आणि उद्या शेवटचा दिवस. तुम्ही येऊ नका काका, तब्येत बघा, असंही म्हणाला.

"तुझा बाप बर्फातून आला होता," काका म्हणाले. "मला तर बसच आहे."

मग ज्योवालिननं रस्ता सांगितला. टर्मिनलवरून शहराची बस घ्या. जुन्या स्टेशनपाशी उतरा. तिथून जुन्या बिस्किट कारखान्याकडे चालायला लागा. जुन्या ब्रेडच्या दुकानाला लागून कॅफे आहे.

तिरानात पत्ता असाच सांगतात. रस्त्यांना नावं आहेत, घरांना नंबर आहेत, पण ते पोस्टमनलासुद्धा पाठ नाहीत. आणि तिरानात एखाद्या जागेला जुनी म्हणतात तेव्हा ती पाडलेली असते, हे ज्योवालिनला सांगायची गरज वाटली नाही. तो तिथंच मोठा झालेला. आमच्याकडे जुनी शाळा म्हणजे छप्पर उडालेली पण उभी असलेली शाळा. जुनं गोदाम म्हणजे ज्यात आता शेळ्या बसतात ते. रेशेनचं जुनं स्टेशन म्हणजे गाडी येत नाही, पण रूळ आहेत आणि पाटीही आहे. काकांनी मान हलवली. स्टेशन काय, आंधळ्यालाही सापडेल.

रविवारी पहाटे झेफनं त्यांना पुढच्या सीटवर घेतलं. वाटेत दोनदा व्हॅन थांबवून काकांना श्वास घेऊ दिला, आणि मागच्या बायकांना सांगितलं की इंजिन तापलंय. टर्मिनलवर त्यानं शहराची बस दाखवली. व्हॅनला पुढे शहरात जायला बंदी होती आणि परतीची माणसंही ठरलेली होती. तीन वाजता इथंच उभा असतो, असं म्हणून तो गेला.

काका बसमध्ये चढले आणि गावच्या व्हॅनमध्ये चढल्यावर करतात तेच त्यांनी केलं. दारात उभं राहून सगळ्यांना मिळून विचारलं, कसे आहात, घरचे बरे आहेत ना. कुणीही वर बघितलं नाही. पहिल्या सीटवर कानात वायर घातलेली एक मुलगी होती. काकांनी हात मिळवायला तिच्यापुढे हात धरला. मुलीनं हाताकडे बघितलं, मग काकांच्या टोपीकडे, आणि पाकीट काढून एक नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवलं. काका ते नाणं धरून उभे राहिले. काय झालं ते त्यांना कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. त्यांनी नाणं हळूच तिच्या सीटच्या कडेला ठेवलं.

कंडक्टरबाई मागून गर्दी रेटत आली. लुमतुरी तिचं नाव. नावाचा अर्थ आनंद, आणि नाव ठेवल्यापासून लोक तिला त्यावरून चिडवत आलेले. पन्नाशीची असेल. पायांना सूज होती, म्हणून बुटांच्या नाड्या सैल सोडलेल्या.

"कुठं, काका?"

"कोलच्या सांत्वनाला."

"ते देव बघेल. बसनं कुठवर?"

"जुनं स्टेशन."

तिनं तिकीट फाडून नुकतंच नाणं पडलेल्या त्याच हातात ठेवलं. आल्यावर ओरडते म्हणाली, आणि एका पोराला म्हातारपणी उभं राहायचा सराव आत्तापासून कर असं सांगून त्याच्या जागी काकांना बसवलं.

बस रखडत चालली. प्रत्येक सिग्नलला थांबायची आणि थांबली की आत उकडायचं. काका पाकीट मांडीवर धरून खिडकीतून बघत होते. गावात ते कधी एवढा वेळ गप्प बसले नसतील. शेजारच्या माणसाला त्यांनी विचारलं, तुम्ही कुणाचे. त्या माणसानं हा प्रश्न आपल्याला नसावा अशा चेहऱ्यानं वर्तमानपत्र उलटलं. मागे लुमतुरीचं कुणाशी तरी भांडण लागलं होतं. पास घरी विसरलो, असं तो म्हणत होता. ती म्हणत होती की तुझा पास रोज घरीच राहतो, उद्या पासला पाठव आणि तू घरी थांब.

मग ती ओरडली, "जुनं स्टेशन!"

काका अर्धे उठले. बाहेर रुंद रस्ता होता. काचेची एक उंच इमारत, काठ्यांना बांधलेली नवी रोपं, सायकलींची रांग. रूळ नाहीत, फलाट नाही, पाटी नाही. दुसरंच काहीतरी असणार, असं वाटून ते खाली बसले. चारदोन माणसं उतरली. बस पुढे गेली. त्यानंतर काका आणखी लक्ष देऊन बघू लागले. दुकानं गेली, एक मशीद गेली, कालवा गेला, उंच घरं संपून बुटकी घरं लागली. स्टेशन काही आलं नाही. शेवटी बस एका धुळीच्या मैदानात वळली आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

लुमतुरी खिशातून कागदात गुंडाळलेला बुरेक काढत मागे वळली आणि काका तिला दिसले.

"अहो, तुम्ही अजून इथंच?"

"स्टेशन आलं नाही."

"आलं की. मी घसा फोडून ओरडले."

"मी बघितलं. तिथं स्टेशन नव्हतं."

"नसेलच. पाडून किती वर्षं झाली. म्हणून तर जुनं."

काकांनी खिडकीतून मागच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले की पाडलेल्या स्टेशनपाशी माणसानं उतरायचं कसं. ती त्यांच्या समोरच्या सीटवर बसली आणि बूट काढून पाय पुढच्या दांड्याला टेकवले. सगळे उतरतात, म्हणाली. मी इथं आले तेव्हा मलाही आठवडाभर काही सापडत नव्हतं. नवरा म्हणायचा जुन्या सिनेमापाशी थांब, मी दुसऱ्याच सिनेमापाशी थांबायचे. तिनं पालक भरलेला, पापुद्र्यांचा तो बुरेक मोडून अर्धा त्यांना दिला. काकांनी तो घेतला आणि हातातच धरून ठेवला. त्यांनी वेळ विचारली. बारा वाजून गेले होते.

"मुलाला फोन लावा ना. येईल न्यायला."

"त्याचा बाप गेलाय," काका म्हणाले. "तो दारात उभा असेल. त्याला मी रस्ता विचारू?"

तिनं पुन्हा ते सुचवलं नाही. ड्रायव्हरकडे जाऊन काहीतरी बोलली. ड्रायव्हरनं सिगरेट अर्धीच विझवली आणि बस वेळेआधी निघाली. परतताना तिनं काकांना दारापाशीच उभं केलं आणि कोपर धरून ठेवलं. बस थांबली तेव्हा बोटानं दाखवलं.

"हे. इथं होतं."

काका उतरले. मोकळ्या रस्त्याकडे बघत त्यांनी श्वास जमेपर्यंत वाट बघितली. इथं डोंगर नव्हता, म्हणून काचेच्या इमारतीकडे बघितलं.

बिस्किट कारखान्याच्या बाबतीत त्यांनी शहाणपण केलं. एका बाईला विचारलं, कारखाना होता ती जागा कुठली. तिनं तीन उंच इमारती दाखवल्या. काका त्या बाजूला निघाले. थोडं चालायचे, भिंतीला हात लावून उभे राहायचे. ऊन वाढलं होतं. काळ्या कोटात पाठ भिजली होती. हॉस्पिटलात सांगितलं होतं चढ चढू नका, पण शहराचा सपाट रस्ताही चढासारखाच वाटतो हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि मग रस्त्याच्या पलीकडे त्यांना ते दिसलं, ज्याला पाटी लागत नाही. एका कॅफेच्या दारात काळे कपडे घातलेले, दाढी वाढलेले चार पुरुष ओळीनं उभे होते. आत समोरासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा. रेडिओ बंद.

काकांनी टोपी नीट केली, रस्ता ओलांडला आणि चौघांशी हात मिळवला. "मागे आहात ते सुखरूप राहा." पहिल्याला त्यांनी जवळ घेऊन दोन्ही गालांना गाल लावला आणि कॉफीचं पाकीट त्याच्या हातात दिलं. ज्योवालिनला शेवटचं बघितलं तेव्हा तो शाळेत जात होता. आता हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस. शहरात माणसं लवकर म्हातारी होतात, असं काकांच्या मनात आलं. त्या माणसानं त्यांना आत नेऊन बसवलं. कॉफी आली, साखर नाही, बाजूला पाण्याचा ग्लास. पहाटेपासून पहिल्यांदाच त्यांच्याशी कुणीतरी त्यांना समजेल असं वागत होतं. पाय आपोआप सैल पडले.

थोडा वेळ गेल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली. गेलेला माणूस मजबूत होता. दगड कितीही कठीण असो, तो माणूस मागे हटला नाही. त्याचा आवाज मशीनच्या वर ऐकू यायचा. अंधारात तो जवळ असला की भीती वाटायची नाही. समोरच्या रांगेतले लोक ऐकत होते. कुणीतरी कुणाकडे तरी बघितलं. भिंतीपाशी टेबलावर फोटो ठेवला होता, काळी फीत लावलेला. काकांनी बोलता बोलता तिकडे बघितलं. चष्मा लावलेला एक बारीक माणूस, गळ्यात मोजायची टेप.

काका थांबले.

टक्कल पडलेला माणूस त्यांच्या शेजारी येऊन बसला. आवाज खाली ठेवून त्यानं विचारलं, "काका, तुम्ही कुणासाठी आलात?"

"कोलसाठी. कोल, मिर्दिताचा. खाणीतला."

"हा माझा भाऊ फेरित. शिंपी होता. बायकांचे कपडे शिवायचा."

कुणी हसलं नाही. काका कपाकडे बघत राहिले. तो अजून जवळजवळ भरलेला होता. भिंतीवरच्या घड्याळाचा लहान काटा एकच्या जवळ आला होता आणि कोलचा कॅफे कुठं होता ते त्यांना अजूनही माहीत नव्हतं. त्या माणसानं, त्याचं नाव स्कंदर, पाकीट परत पुढे केलं आणि म्हणाला, हे तुमच्या माणसाचं आहे, घेऊन जा, वेळ होईल. जागा मी सांगतो, जुन्या ब्रेडच्या दुकानापाशीच्या कॅफेतही सांत्वन चालू आहे, मागच्याच गल्लीत. उठा, अजून मिळेल.

काका उठले नाहीत.

"माझ्या हातून ते फेरितला दिलं गेलंय," ते म्हणाले. "आणि हा कप त्याचा आहे."

ते कॉफी प्यायले. गरम होती, म्हणून हळूहळू. नंतर सांगताना ते म्हणायचे की नियम होता म्हणून बसलो, हे खरं. पण उठायची ताकदही नव्हती, हेही खरं. दोन्हीतलं आधी कुठलं ते आता सांगता येत नाही. पिताना त्यांनी विचारलं की शिंपी कसा होता. स्कंदर म्हणाला, फार बारीक टाका. एखादी नवरी रडत आली की तिच्या आईला बाहेर बसवायचा. डोळे गेले शेवटी, पण सुई सोडली नाही. काकांनी मान हलवली. हे कसं ते त्यांना कळत होतं.

कप रिकामा झाला तेव्हा एक वाजून गेला होता. दारातले पुरुष खुर्च्या एकात एक घालू लागले होते. काका उठले, सगळ्यांशी पुन्हा हात मिळवला आणि बाहेर आले. मागून पावलं आली. स्कंदर कोट खांद्यावर टाकून येत होता.

"तुम्ही कशाला? तुमच्या घरी दुःख आहे."

"तुम्ही माझ्या दारी आलात," स्कंदर म्हणाला. "आता मी तुमच्या दारी यायला नको?"

दोघं हळू चालले. काका थांबले की स्कंदरही थांबायचा. तीन दिवस उभा राहून त्याचेही पाय दुखत होते, त्याला थांबायला कारणच हवं होतं. जुन्या ब्रेडच्या दुकानात आता मोबाइल दुरुस्त करून मिळत होते. शेजारच्या कॅफेत खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या होत्या आणि वेटर फरशी पुसत होता. कोपऱ्यात एकच माणूस बसला होता. बूट काढलेले, मान भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले.

"ज्योवालिन," काकांनी हाक मारली.

त्यानं डोळे उघडले आणि मोज्यांवरच उठून उभा राहिला. उभं राहिल्यावर बूट शोधू लागला, मग सोडून दिले. "काका. मला वाटलं तुम्ही येत नाही."

"उशीर झाला. आणि रिकाम्या हातानं आलोय. कॉफी आणली होती, ती दुसऱ्या घरी दिली गेली."

ज्योवालिनला काही समजलं नाही. स्कंदर पुढे झाला. त्यानं कोटाच्या आतून एक पाकीट काढलं आणि ज्योवालिनच्या हातात ठेवलं.

"हे यांचं नाही. यांचं फेरितकडे राहिलं. हे फेरितकडून." मग हात पुढे केला. "मागे आहात ते सुखरूप राहा."

"तुम्ही कोण?" ज्योवालिननं हात धरूनच विचारलं.

"मागच्या गल्लीतला. माझ्या भावाचं सांत्वनही आजच संपलं."

वेटरनं काही न विचारता तीन खुर्च्या खाली उतरवल्या. कॉफीचं मशीन धुऊन ठेवलं आहे, थोडा वेळ लागेल, एवढंच म्हणाला. तिघं बसले. कोलबद्दल काकांना आता नवीन काही सुचेना. जे होतं ते मागच्या गल्लीत बोलून झालं होतं. तेव्हा स्कंदरच बोलला. म्हणाला, तुमचे वडील जवळ असले की अंधारात भीती वाटायची नाही म्हणतात. ज्योवालिननं तोंडावर हात धरला. तीन दिवस तो दारात उभा होता, आणि बसून रडायला आत्ता कुठं वेळ मिळत होता.

काकांना बसपर्यंत सोडायला दोघंही आले. स्टॉपवर काही लिहिलेलं नव्हतं. तिथं लोक उभे होते, म्हणून तो स्टॉप. रविवारी त्या मार्गावर गाड्या कमी असतात, त्यामुळे आली ती लुमतुरीचीच बस. ती आता तिकिटं फाडत नुसती पुढे ढकलत होती, ओरडणं बंद झालं होतं. काका चढले. या वेळी त्यांनी कुणाला कसे आहात असं विचारलं नाही. सकाळी ती मुलगी बसली होती त्या पहिल्या सीटवर दांडा धरून बसले.

"पोचलात का मग?"

"पोचलो. दोन ठिकाणी."

तिनं कपाळाला आठी घातली, पण विचारायला शक्ती नव्हती. बस निम्मी रिकामी होती. ती त्यांच्या शेजारच्या सीटवर धपकन बसली. टर्मिनल येईपर्यंत आता कुणी चढत नाही, म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, कोण होता तो तुमचा, भाऊ?

"जोडीदार. एका मशीनवर होतो आम्ही."

लुमतुरीनं तिकिटांचं पुस्तक मांडीवर ठेवलं, हात स्कर्टला पुसला आणि त्यांच्यापुढे धरला.

"मागे आहात ते सुखरूप राहा, काका."

काकांनी तो हात धरला. यावर काय म्हणतात ते त्यांना पाठ होतं, जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं, द्रांदाकाकूंच्या वेळी स्वतःही म्हटलेलं. पण कोल गेल्यापासून हे त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं, आणि शब्द यायला वेळ लागला. ती हात तसाच ठेवून बसली. टर्मिनलपाशी झेफची व्हॅन दिसली तेव्हा काका झोपले होते, आणि तिनं ड्रायव्हरला खूण केली की दार लगेच उघडू नको.